किताब, करीना आणि वारस : एका कथनप्रकाराची चिकित्सा

१

मराठी गद्याच्या इतिहासात बखरीला जे स्थान मिळते ते करीना, कैफियत, तकरीर आणि महजर यांना मिळत नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून घराण्यांच्या दप्तरांतील हे कागद 'साधने' या एकाच सदराखाली जमा होत गेले. बखरीची वाङ्मयीन अंगाने चिकित्सा करणारे र. वि. हेरवाडकरांसारखे अभ्यासक पुढे लाभले. करीन्याला तसा अभ्यासक लाभला नाही. इतिहासकाराने तो पक्षकाराने स्वतःच्या लाभासाठी लिहिलेला म्हणून संशयास्पद ठरवला आणि समीक्षकाने तो केवळ कागद म्हणून बाजूस ठेवला. अशा रीतीने हा प्रकार दोन्ही शास्त्रांच्या सीमेबाहेर राहिला.

प्रस्तुत लेखात वंशपरंपरागत किताब आणि पदे यांचा विचार या उपेक्षित कथनप्रकाराच्या आधारे करावयाचा आहे. प्रतिपादन थोडक्यात असे : मराठी परंपरेत किताबाचा वारसा केवळ रक्ताने संक्रमित होत नाही; तो प्रत्येक पिढीत पुन्हा निवेदन केला जातो आणि कोणीतरी तो ऐकून मान्य करतो, तेव्हाच तो वारसा ठरतो. इंग्रजी परंपरेतील किताब याच्या उलट दिशेने जातो. तेथे एकदाच सिद्ध केलेली शब्दावली पुढील सर्व निवेदने अनावश्यक करू पाहते. या दोन व्यवस्थांचा संघर्ष एकोणिसाव्या शतकात साताऱ्यास झाला. त्या संघर्षाचे राजकीय परिणाम सर्वपरिचित आहेत, परंतु त्याच्या मुळाशी असलेला कथनाचा प्रश्न आपल्याकडे पुरेसा हाताळला गेलेला नाही.

या विचारासाठी सातारा-सांगलीचा मुलूख विशेष सोयीचा आहे. सांगली-इस्लामपूर रस्त्यावरील आष्टा हे गाव मध्यबिंदू मानले, तर पश्चिमेस बत्तीस शिराळा लागते. तेथे उदाजी चव्हाण हिंमतबहादर यांनी शाहू छत्रपतींच्या काळात ठाणे देऊन स्वतःची चौथाई वसूल केली. दक्षिणेस इचलकरंजीचे घोरपडे आणि त्यांच्याही पलीकडे कापशीचे सेनापती घोरपडे आहेत. पूर्वेस सांगली-मिरजेचे पटवर्धन आणि त्यापुढे जतचे डफळे. उत्तरेकडे कुंडल, जे औंधच्या पंतप्रतिनिधींच्या संस्थानात मोडत असे. एवढ्या लहान परिघात नाव मिळण्याचे तीन निराळे मार्ग दिसतात. डफळापूरचे चव्हाण 'डफळे' झाले आणि फलटणचे पवार निंबळकावरून 'निंबाळकर' झाले. हे गावावरून आलेले नाव. 'प्रतिनिधी', 'सचिव', 'चिटणीस' ही पदावरून आलेली नावे. 'हिंमतबहादर' हे किताबावरून आलेले नाव. आज ही तिन्ही आपण 'आडनाव' या एकाच शब्दात गोळा करतो आणि प्रत्येक नावामागे असलेली कथा विसरतो. करीना हा प्रकार ती कथा विसरू देत नाही.

२

करीना म्हणजे एखाद्या वतनाची किंवा पदाची प्राप्ती कशी झाली, ते कोणाकडून कोणाकडे गेले आणि आता ते आपल्याकडे का असावे, याची हकीकत. ती बहुधा तंट्याच्या प्रसंगी सादर केली जाते. गोतसभेपुढे किंवा राजाच्या न्यायाधीशापुढे दोन्ही पक्ष आपापल्या तकरिरी देतात, साक्षी होतात आणि निवाड्याचा महजर होतो. म्हणजेच करीन्याचा निवेदक हा दावेदार असतो, त्याचा श्रोता हा निर्णय देणारा असतो, आणि कथनाचा शेवट कथनाच्या बाहेर, श्रोत्याच्या निर्णयात असतो. बखरकाराला आश्रयदाता असतो, प्रतिपक्ष नसतो. करीनाकाराला मात्र समोर बसलेला प्रतिपक्ष असतो, आणि आपल्या प्रत्येक वाक्याला तो हरकत घेणार हे त्याला ठाऊक असते. या परिस्थितीतून करीन्याची शैली घडते : लहान वाक्ये, नावांची दाटी, कोणाच्या समक्ष काय घडले याचा आग्रह, आणि कागद नसल्यास तो का नाही याचे स्पष्टीकरण. कागद लुटीत गेला किंवा आगीत जळाला, हे कारण अशा कागदांत इतक्या वेळा येते की ते या प्रकारातील एक रूढ आशयसूत्रच मानावे.

जेधे करीना हे या प्रकाराचे सर्वांत परिचित उदाहरण. कारीच्या जेधे देशमुखांच्या दप्तरातील शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली, आणि शिवजन्मतिथीच्या वादामुळे ती शकावलीच अभ्यासकांच्या ध्यानात राहिली. तिच्या शेजारचा करीना वाङ्मयदृष्ट्या अधिक अभ्यसनीय आहे. त्यातील आरंभीचा भाग भाऊबंदकीतील हत्येचा आहे. कान्होजीचा पिता मारला जातो आणि तान्ह्या कान्होजीच्या जिवावर बेतते. देवजी महाला आणि एक दाई यांच्यामुळे मूल वाचते, आणि पुढे तेच मूल रोहिड खोऱ्याचे देशमुख होते. कान्होजीपुत्र बाजी यांना शिवाजी महाराजांकडून मिळालेला 'सर्जेराव' हा किताब याच घराण्याच्या स्मृतीचा भाग आहे.

येथे दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली, करीन्यातील कालक्रम पुढून मागे रचलेला असतो. देशमुखी आज आपल्याकडे आहे, हे सिद्ध करावयाचे म्हणून त्या तान्ह्या मुलाचा बचाव सांगावा लागतो. भूतकाळाची निवड वर्तमानातील हक्क करतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. महाला आणि दाई यांना कथेत प्रवेश मिळतो तो वारसाचे रक्षक म्हणून. मूल सुरक्षित झाले की निवेदनाला त्यांची गरज उरत नाही. वारसाच्या कथेत ज्यांना वारसा नाही त्यांनीच वारस जिवंत ठेवावा आणि नंतर बाजूस व्हावे, ही या प्रकाराची अंतर्गत रचना आहे. तिचा विचार लेखाच्या उत्तरार्धात पुन्हा करावा लागेल.

३

किताबाचे व्याकरणही या कथनाशी बांधलेले आहे. किताब आरंभी विशेषण असतो. राजाराम छत्रपतींच्या कारकीर्दीत विठोजी चव्हाणांना 'हिंमतबहादर' आणि बहिर्जी घोरपड्यांना 'हिंदुराव' हे किताब मिळाले, तेव्हा त्या शब्दांना निश्चित अर्थ होता. तो एका पराक्रमाचा संक्षेप होता. पुढच्या पिढीत तो पराक्रम मुलाने केलेला नसतो, शब्द मात्र त्याच्याकडे येतो. म्हणजे विशेषणाचा विशेषनामाकडे प्रवास सुरू होतो. अर्थ मागे पडतो आणि निर्देश उरतो. विठोजीचे पुत्र उदाजी यांनी 'हिंमतबहादर' हे नाव धारण केले तेव्हा त्यांना स्वतःच्या हिमतीचा पुरावा द्यावा लागत नव्हता. आपण विठोजीचे पुत्र आहोत, एवढेच सांगावे लागत होते.

हा प्रवास पुढे ज्या ठिकाणी पोहोचतो ते मराठी समाजाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. वाळवा, शिराळा, करवीर या भागांतील कोणत्याही शाळेचे जुने दाखल-खारीज पुस्तक उघडले तर सर्जेराव, हिंदुराव, हिंमतराव, झुंजारराव अशी नावे अल्पभूधारक कुळांच्या मुलांना ठेवलेली आढळतात. दरबारात मिळालेला शब्द बारशाच्या पाळण्यात उतरला, आणि त्याला आता कोणतीही सनद लागत नाही. इंग्लंडमधील किताबांना असे सार्वत्रिक होणे सहसा साधले नाही, कारण तेथे किताब हा व्यक्तिनामाहून वेगळा, कायद्याने राखलेला शब्द राहिला. आपल्याकडे राजाने दिलेले नाव लोकांनी राजाला न विचारता घेतले. भाषेने केलेली ही समता फार मोठी नसेल, परंतु ती नोंद घेण्याजोगी आहे.

नाव आणि रक्त यांचे नाते आपल्या परंपरेत किती सैल होते, याचा सर्वोत्तम दाखला इचलकरंजीचा. नारो महादेव जोशी हे संताजी घोरपडे यांच्या पदरी होते. संताजींनी त्यांना पुत्रवत वागवले आणि नारो महादेवांनी कृतज्ञतेने आपल्या धन्याचे 'घोरपडे' हे आडनाव स्वीकारले. ब्राह्मण जोशी कुळ मराठा सरदाराच्या नावाने चालू लागले आणि पुढे त्याच नावाने संस्थान झाले. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांनी या संस्थानाचा इतिहास लिहिला आहे. यात दत्तकविधान नाही, गोत्र बदललेले नाही, रक्ताचा संबंध नाही. आहे ती एक निष्ठेची कथा, आणि ती कथा सांगितली जात राहिली म्हणून नाव टिकले. घोरपडे हे नावही मूळचे भोसल्यांच्या एका शाखेने घोरपडीच्या साहाय्याने गड चढल्याच्या कुलकथेतून आले, असे परंपरा मानते. एका कथेतून आलेले नाव दुसऱ्या कथेच्या बळावर दुसऱ्या कुळात गेले.

चिटणीसांचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. धाकट्या शाहू छत्रपतींच्या काळात साताऱ्यास बखरी लिहिणारे मल्हार रामराव चिटणीस हे बाळाजी आवजींच्या घराण्यातले, म्हणजे स्वतःच एका वंशपरंपरागत पदाचे वारस. त्यांच्या बखरींकडे आपण राजघराण्याची कथा म्हणून पाहतो. परंतु राजाची कथा सांगण्याचा हक्क ज्या पदामुळे मिळाला ते पदही त्या कथेत सिद्ध होत असते. राजाचा वंश आणि लेखकाचा वंश एकाच निवेदनात शेजारी चालतात. या अर्थाने प्रत्येक दरबारी बखरीच्या पोटात एक करीना दडलेला असतो, असे म्हणता येईल.

४

इंग्रजी किताबाची संहिता याहून फार वेगळी आहे. वंशपरंपरागत उमरावपद राजमुद्रांकित सनदेने निर्माण होते, आणि त्या सनदेतच वारसाची व्याख्या केलेली असते. प्रचलित शब्दावलीचा आशय असा की हे पद मूळ धारकाच्या देहापासून कायदेशीर विवाहात जन्मलेल्या पुरुष वारसांकडे जावे. 'देहापासून' या शब्दाने दत्तक पुत्र वगळला जातो, 'कायदेशीर' या शब्दाने विवाहबाह्य संतती, आणि 'पुरुष' या शब्दाने बहुतेक ठिकाणी कन्या. सनद एकदा दिली की नव्या धारकाला आपल्या पूर्वजाचा पराक्रम सांगावा लागत नाही. त्याने आपला जन्म सिद्ध केला की पुरे. जे. एल. ऑस्टिन यांच्या परिभाषेत बोलायचे तर सनद ही कृती घडवणारी उक्ती आहे. पण ती एकदाच उच्चारली जाते आणि तिचा परिणाम अनंत काळ चालावा अशी अपेक्षा असते.

मराठी व्यवहारात ही उक्ती दर पिढीत पुन्हा उच्चारावी लागे. जुना धारक वारला की नव्याने नजर द्यायची, वस्त्रे घ्यायची, सनद करून घ्यायची. पेशवेपद एका घराण्यात स्थिर झाल्यानंतरही प्रत्येक नव्या पेशव्यास साताऱ्याहून वस्त्रे यावी लागत. १७७४ मध्ये सव्वा महिन्याच्या सवाई माधवरावांसाठीही ती आणवली गेली. वारसा निश्चित असतानाही तो मागावा लागतो आणि दिला जावा लागतो, हा या विधीचा अर्थ आहे. त्यात धन्याचा महसुली स्वार्थ होता हे उघड आहे. परंतु त्याचबरोबर वारसा हे दोन पक्षांमधील जिवंत नाते आहे, ही कल्पनाही त्यात होती.

इंग्रजी व्यवस्था हिंदी समाजात आली तेव्हा तिला काय करावे लागले, हे मुंबईच्या उदाहरणावरून दिसते. जमशेटजी जिजीभाई यांना १८५७ मध्ये बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली. पित्याचे नाव पुत्राच्या नावामागे लागण्याच्या रूढीत पदवीला टिकून राहण्यासाठी स्थिर नाव नव्हते. यावर उपाय म्हणून १८६० चा एक स्वतंत्र कायदा झाला, आणि पदवीच्या प्रत्येक वारसाने 'जमशेटजी जिजीभाई' हेच नाव धारण करावे, असे ठरले. पदवी टिकवण्यासाठी माणसाचे नावच पुसले गेले. इचलकरंजीत नाव घेतले गेले ते निष्ठेच्या कथेमुळे. मुंबईत ते घ्यावे लागले कलमामुळे. लॉर्ड सिन्हा यांचे उदाहरण याच्या जोडीला ठेवता येईल. वंशपरंपरागत उमरावपद मिळालेले ते एकमेव भारतीय; पद १९१९ चे. त्यांच्या मृत्यूनंतर पुत्राला आपल्या आईवडिलांच्या विवाहाची वैधता सिद्ध करण्यासाठी लॉर्ड्सच्या समितीपुढे जावे लागले, आणि त्यांचा हक्क १९३९ मध्ये मान्य झाला. निवेदन टाळू पाहणाऱ्या व्यवस्थेलाही अखेर एक करीना मागावा लागला. फक्त त्या करीन्यात पराक्रमाला जागा नव्हती, विवाहाच्या नोंदीला होती.

५

या दोन संहिता साताऱ्यास समोरासमोर आल्या. १८३९ मध्ये प्रतापसिंह छत्रपतींना पदच्युत करून कंपनीने त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसवले. आप्पासाहेब ५ एप्रिल १८४८ रोजी वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी व्यंकोजी यांना दत्तक घेतले होते. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी दत्तक मान्य करावा असे मत दिले. डलहौसीने ते नाकारले, आणि १८४९ च्या आरंभी कंपनीच्या संचालकांनी त्याच्या निर्णयावर शिक्कामोर्तब केले. डलहौसीची भूमिका अशी की दत्तक पुत्र खाजगी मालमत्तेचा वारस होऊ शकेल. राज्य आणि राजपद यांचा वारस होण्यास मात्र अधिसत्तेची संमती हवी.

'संमती हवी' हे विधान वरकरणी मराठी रूढीशी जुळते. नजर आणि वस्त्रे यांतही संमतीच होती. परंतु एक मूलभूत फरक आहे. मराठी व्यवहारात संमती हा कथा पुढे चालवण्याचा विधी होता, आणि विनाअपराध नकार देणे हा अपवाद. डलहौसीने त्याच विधीतून कथा संपवण्याचा अधिकार काढला. दत्तक हे हिंदू धर्मशास्त्राने मान्य केलेले कल्पित आहे. 'हा माझा पुत्र' असे म्हटल्याने पुत्र होतो. त्याला केवळ खाजगी घरापुरते सत्य मानणे आणि राजवाड्यात असत्य मानणे, हा एका वाङ्मयीन संकेताचा दुसऱ्या संकेताने केलेला अव्हेर होता.

साताऱ्याच्या गादीला अशा कल्पिताची सवय नव्हती असे नाही. थोरले शाहू १५ डिसेंबर १७४९ रोजी वारले, आणि ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे आणलेले रामराजे छत्रपती झाले. वर्ष पुरते न होते तोच ताराबाईंनी त्यांना कैद केले आणि हा आपला नातू नव्हेच, असे जाहीर केले. १७५२ मध्ये जेजुरीस खंडोबासमोर त्यांनी तशी शपथही घेतली. ज्या निवेदकाच्या शब्दाने वारस निर्माण झाला त्याच निवेदकाने तो शब्द मागे घेतला. आणि तरी रामराजे १७७७ मध्ये मृत्यू येईपर्यंत छत्रपती राहिले. याचा निष्कर्ष लक्षणीय आहे. करीना एकदा श्रोत्यांनी मान्य केला की तो निवेदकाचा राहत नाही. ज्यांनी तो ऐकून घेतला त्यांचा होतो. ताराबाईंची शपथ खरी की आधीचे प्रतिपादन खरे, हा इतिहासाचा प्रश्न आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने पाहावयाचे ते हे की गादी दोन्ही विधानांना पुरून उरली.

डलहौसीच्या स्वतःच्या किताबाचे पुढे काय झाले, ते या संदर्भात सांगितले पाहिजे. त्यास पित्याकडून अर्लपद मिळाले होते. १८४९ मध्ये, म्हणजे साताऱ्याच्या खालशावर शिक्कामोर्तब झाले त्याच वर्षी, त्यास मार्क्विस करण्यात आले. १८६० मध्ये तो वारला तेव्हा त्यास केवळ कन्या होत्या. मार्क्विसपद तेथेच संपले आणि अर्लपद एका चुलतबंधूकडे गेले. यात काव्यगत न्याय शोधण्याचा मोह टाळलेला बरा. नियम दोन्हीकडे एकच होता, आणि डलहौसीला तो स्वाभाविक वाटला कारण त्याचे स्वतःचे नाव त्याच नियमाने बांधलेले होते. आपल्या घरातील संहिता त्याने दुसऱ्याच्या घरावर वाचली.

या काळाने कैफियत या प्रकाराचे रूपही पालटले. प्रतापसिंहांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनमध्ये चौदाएक वर्षे राहिले. कथा सांगायची होती, पण ती ऐकून मान्य करणारी गोतसभा तेथे नव्हती. इकडे १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळाले आणि इनामदारांकडे सनदांची मागणी सुरू झाली. आता स्मृती, शेजाऱ्याची साक्ष आणि वहिवाट यांपेक्षा कागद मोठा झाला. करीन्यातील निवेदक पूर्वी सांगत असे. आता तो उत्तर देऊ लागला. मावजी आणि पारसनीस यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'कैफियती, यादी वगैरे' या संग्रहाकडे या दृष्टीने पाहिले, तर या कागदांतील आवाज कोणासमोर उभा आहे हा प्रश्न पदोपदी विचारावा लागतो. १८५७ च्या उठावानंतर, १८६२ मध्ये, कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. तोवर सातारा गेले होते.

६

येथवरचा विचार किताब हा लाभ मानून झाला. परंतु वतन हा शब्द सरदाराच्या देशमुखीला लागतो तसाच महाराच्या वेठीलाही लागतो. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याच्या चौकटीत पाटील, कुलकर्णी आणि महार सारेच वतनदार होते. एकाला वारशात मान मिळाला, दुसऱ्याला राबणूक. नाव एकच, संक्रमणाची रीतही एकच.

या दुसऱ्या वतनालाही त्याचा करीना आहे. बेदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्क दिले, ही परंपरागत कथा. तिच्या एका पाठात अमृतनाक बादशहाच्या बेगमेस सोडवून आणतो. आपल्यावर संशय येऊ नये म्हणून निघण्यापूर्वीच त्याने स्वतःचे पौरुष छेदून एका बंद डबीत बादशहाजवळ ठेवलेले असते. डबी उघडल्यावर त्याची निष्ठा सिद्ध होते, आणि बक्षीस म्हणून तो स्वतःसाठी काही न मागता जातीसाठी हक्क मागतो. वंशपरंपरागत हक्कांचा मूळपुरुष असा की ज्याला वंशच होणार नाही. 'देहापासून जन्मलेले वारस' या इंग्रजी सूत्राचा इतका संपूर्ण व्यत्यास दुसरीकडे मिळणे कठीण. जेधे करीन्यात निर्वारस सेवकांनी वारस वाचवला आणि ते बाजूस झाले. येथे निर्वारस झालेला सेवकच कथेचा नायक आहे आणि संपूर्ण समाज त्याचा वारस. करीन्याची रचना तीच, पण ती आतून उलटी केलेली.

तथापि ही कथा कितीही भव्य असली तरी ती ज्या हक्कांचे समर्थन करते ते हक्क गावाच्या गुलामीशी जखडलेले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारता'त महार वतनाची चिकित्सा केली आणि १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. या भूमिकेचे वाङ्मयीन महत्त्व असे की त्यांनी करीना दुरुस्त केला नाही, दुसरा अधिक जुना करीनाही शोधला नाही. वारसा हाच हक्काचा आधार असावा, हे गृहीतच त्यांनी नाकारले. कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने राज्यसंस्थेला किताब देण्यास मनाई केली होती, आणि १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता व तनखे संपले. या घटना इतिहासात वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. वस्तुतः त्या एकाच कथनप्रकाराच्या समाप्तीच्या पायऱ्या आहेत.

मात्र कायद्याने संपलेला प्रकार वाङ्मयात वेगळ्या रूपाने परत येतो. दया पवार यांच्या आत्मकथनाचे नाव 'बलुतं' (१९७८) आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या आत्मकथनाचे 'अक्करमाशी' (१९८४). पहिला शब्द गावगाड्यातील वंशपरंपरागत वाट्याचा आहे. दुसरा शब्द बारा माशांच्या तोळ्याला एक मासा उणा असलेल्याचा, म्हणजे विवाहबाह्य संततीचा. पाटील घराण्यातील पिता आणि महार माता यांचा हा मुलगा. त्याच्यासमोर पित्याचे नाव कोणते लावायचे, हा प्रश्न कल्पनेतला म्हणून येत नाही, शाळेच्या कागदावरच येतो. करीन्यातील निवेदक म्हणतो, मी अमुकाचा पुत्र, म्हणून हे माझे. लिंबाळे यांचे निवेदन म्हणते, मी अमुकाचा पुत्र आहे, आणि तरीही यातील काहीच माझे नाही. मग मी कोण? दलित आत्मकथनांची चर्चा आपल्याकडे अनुभवाची अस्सलता, भाषेचा खडबडीतपणा आणि सामाजिक बांधिलकी या मुद्द्यांभोवती पुष्कळ झाली. ती आवश्यकच होती. परंतु या लेखनाचा आकृतिबंध पाश्चात्त्य आत्मचरित्राकडून आला असे मानून आपण थांबलो. त्याच्या घडणीत करीन्याची, आणि करीन्याला दिलेल्या नकाराची, एक देशी परंपरा आहे. ती तपासली पाहिजे. श्रोत्यासमोर साक्ष देण्याचा सूर, साक्षीदारांची नावे घेण्याचा आग्रह, प्रतिपक्ष समोर बसला आहे ही जाणीव, ही सारी करीन्याची लक्षणे येथे आढळतात. फक्त येथे दाव्याचे रूपांतर आरोपपत्रात झालेले आहे.

७

या प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो. करीना हा व्यवहारासाठी लिहिलेला कागद, आणि आत्मकथन ही साहित्यकृती. दोहोंना एका सूत्रात ओवल्याने साहित्याची स्वायत्तता धोक्यात येत नाही काय? आक्षेप गंभीर आहे. करीना साहित्यकृती आहे, असे येथे म्हटलेले नाही. म्हणायचे ते एवढेच की कथनाच्या काही रीती साहित्याबाहेर घडतात, पिढ्यान्‌पिढ्या वापराने दृढ होतात, आणि साहित्य त्यांचा उपयोग किंवा प्रतिवाद करते. त्या रीती न ओळखणाऱ्या समीक्षेला साहित्यकृतीतील प्रतिवादही ओळखता येत नाही.

वारसा नाकारण्याची कृती वारसदारांच्या बाजूनेही झालेली आहे. इंग्लंडमध्ये टोनी बेन यांना १९६० मध्ये पित्याचे व्हायकाउंटपद आले आणि त्यामुळे लोकसभागृहातील जागा गेली. किताब सोडता यावा म्हणून त्यांनी लढा दिला, आणि १९६३ च्या कायद्याने तो सोडण्याची मुभा मिळताच तो सोडला. पुढे १९९९ च्या कायद्याने ९२ जागांचा अपवाद ठेवून उर्वरित वंशपरंपरागत उमरावांचा सभागृहातील हक्क काढला गेला. आपल्याकडे औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये, गांधीजींच्या विचाराने, प्रजेला स्वराज्याची घटना देऊन सत्ता सोडली. राजाराम छत्रपतींच्या आपत्काळात निर्माण झालेले 'प्रतिनिधी' हे पद राजाच्या वतीने बोलणाऱ्याचे होते. अडीचशे वर्षांनी त्याच नावाच्या वारसाने प्रजेच्या प्रतिनिधींना अधिकार दिला, आणि एका जुन्या किताबाला त्याचा शब्दशः अर्थ परत मिळाला. बेन आणि भवानराव यांच्याजवळ सोडण्यासारखे काही होते. 'अक्करमाशी'च्या निवेदकाजवळ ते नव्हते. हा फरक विसरून त्यागाची कथा आणि वंचनेची कथा एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

पदव्युत्तर वर्गात मराठी गद्याचा इतिहास शिकवताना महानुभाव गद्य, बखर, अव्वल इंग्रजी कालखंड या क्रमाने आपण जातो. या क्रमात करीना आणि कैफियत यांना एक स्वतंत्र पाठ मिळावा, एवढी मागणी अवाजवी ठरू नये. आष्ट्यापासून जतपर्यंत आणि शिराळ्यापासून इचलकरंजीपर्यंत घराघरांतील दप्तरांत हे कागद अजून आहेत, आणि मोडी वाचणारे दरवर्षी कमी होत आहेत. घराण्याचा अभिमान म्हणून ते जपले जातात. अभिमान संपेल तेव्हा ते रद्दीत जातील. त्यांचे वाचन घराण्यांवर सोपवून चालणार नाही. या कागदांत कोणाला नाव मिळाले हे घराणी सांगतीलच. देवजी महाला आणि ती दाई कोठवर दिसतात आणि कोणत्या ओळीनंतर दिसेनाशी होतात, हे सांगण्याचे काम वाङ्मयाच्या अभ्यासकाचे आहे.